आधी लोहचुंबक, मग रंगाचा डबा: जुन्या गाडीच्या इंजिनाचे भाग रंगवताना

शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर वाड्याच्या देवडीत वर्षानुवर्षं उभी असलेली अँबेसेडर, पद्मिनी किंवा जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की बॉनेट उघडल्यावर पहिलं डोळ्यांत खुपतं ते इंजिनाचं रूप. तेल आणि काळ्या मातीची धूळ मिळून झालेला डांबरासारखा थर, त्याखाली कोणीतरी ब्रशने फासलेला चंदेरी रंग, त्याच्याही खाली गंज. बहुतेक जण त्याच संध्याकाळी स्प्रेचा डबा आणतात. तो रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो आणि बोल रंगाच्या कंपनीला लागतो. बिघडलेलं असतं ते रंगाच्या आधीचं काम. कुठला भाग कुठल्या धातूचा आहे हे न बघता सगळ्यांना एकच औषध लावलेलं असतं.

खालची कृती इंजिन गाडीबाहेर काढलंय आणि हेड, चेंबर (खालचं तेल साठवणारं भांडं), टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) सुटं होणार आहे असं धरून दिली आहे. इंजिन गाडीतच राहणार असेल तर टॅपेट कव्हर, एअर क्लीनर, पंखा, पुली आणि ब्रॅकेट एवढ्यावर थांबा. ब्लॉक गाडीत ठेवून खरवडायला गेलात तर निघालेला कचरा डायनॅमोत आणि क्लचमध्ये जाऊन बसतो. पहिल्यांदा करणाऱ्याने तसंही टॅपेट कव्हरपासूनच सुरुवात करावी. बिघडलं तरी ते दोन-चार नट काढून परत हातात येतं.

काम कधी धरावं

आपल्याकडे दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात सोयीचा. लोखंडाचा पृष्ठभाग साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नसावी. थंडीत पहाटे लोखंडावर दव बसतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की कळतं. त्यामुळे सकाळी दहाच्या आत रंगाला हात लावू नका. मे महिन्यात उलटं. तेव्हा सकाळी सहा ते साडेआठ एवढीच वेळ. त्यानंतर उन्हात ठेवलेल्या ब्लॉकला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या लोखंडावर रंग पसरायच्या आत सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. दुपारनंतर वावटळ सुटते ती वेगळीच.

पावसाळ्यात धुणं, खोलणं, खरवडणं खुशाल करा. रंग पुढे ढकला.

काय काय लागेल

चार सिलिंडरच्या एका इंजिनाला पुरेल असा अंदाज:

- डिझेल ४ ते ५ लिटर (फक्त धुण्यासाठी), कपड्यांची साबण पावडर अर्धा किलो
- पेंट रिमूव्हर १ लिटर, कॉस्टिक सोडा १ किलो
- टू-पॅक (दोन डबे मिसळून वापरायचा) एपॉक्सी प्रायमर हार्डनरसकट ५०० मिली, ॲल्युमिनियमसाठी एच (etch) प्रायमर २५० मिली
- इंजिनाचा रंग ५०० मिली, एक्झॉस्टसाठी ६०० अंश सोसणारा हीट-रेझिस्टंट रंग २०० मिली
- त्या-त्या रंगाच्या कंपनीचाच थिनर १ लिटर
- पॉलिश पेपर ८०, १८०, ३२० नंबरचे, प्रत्येकी चार-पाच
- पोलादी तारेचा ब्रश एक, पितळी तारेचा एक, नायलॉनचा एक, बाटली धुवायचे लांब ब्रश दोन
- मास्किंग टेप, रबरी बुचं, धुतलेली सुती फडकी, लाकडी खरवडणी
- चष्मा, लांब बाह्यांचे हातमोजे, वाफ अडवणारा काडतुसाचा मास्क
- लोहचुंबक. जुन्या स्पीकरचं निघालं तरी चालेल, पण हवंच.

कागदांमध्ये आरसी बुक, विमा आणि इंजिन नंबर-चेसिस नंबरचे फोटो. त्यांचं काम पहिल्याच पायरीला आहे.

१. इंजिन नंबर आधी सांभाळा

ब्लॉकच्या बाजूच्या सपाट पट्टीवर नाहीतर पत्र्याच्या छोट्या प्लेटवर इंजिन नंबर असतो. रंगाच्या भरात त्यावरून ग्राइंडर फिरला आणि एक आकडा जरी पुसला गेला, तरी आरटीओत गाडी दाखवताना उत्तर देता देता नाकी नऊ येतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि तिथे नंबर ताडून बघतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात व्हीए अक्षरांची वेगळी मालिका मिळते, पण अट अशी की गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत. तिथेही मूळ नंबर वाचता येणं हीच पहिली गोष्ट.

म्हणून पट्टी डिझेलने पुसा, फोटो काढा, वर पातळ कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्या आणि तो आरसीसोबत ठेवा. मग त्या पट्टीवर टेपचे दोन थर लावा. तिथला रंग नंतर फक्त रिमूव्हर आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचा आणि नवा रंग एकच पातळ हात द्यायचा. जाड रंगाने आकडे बुजतात.

प्लेट रिव्हेटने बसवलेली असेल तर काढू नका. काढलेली आणि परत ठोकलेली प्लेट तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

२. खोला, पण नकाशा ठेवून

प्रत्येक भाग काढायच्या आधी दोन बाजूंनी फोटो. टायमिंग कव्हर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि चेंबर यांचे बोल्ट दिसायला सारखे, पण लांबीने वेगळे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला की आत टेकून बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा देतो. नाहीतर झाकण घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि तेल गळत राहतं. सोपा उपाय म्हणजे पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढायची, भोकं पाडायची आणि बोल्ट ज्या जागचा त्याच जागी खोचायचा.

गंजून बसलेल्या स्टडवर जोर करू नका. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके द्या, मग रिंग पाना लावा. फिक्स पान्याने नटाचे कोपरे मारून ठेवणं ही नवख्यांची ठरलेली चूक. एक्झॉस्टचा स्टड तुटला तर लेथवाल्याकडे जावं लागतंच, त्यामुळे तिथे घाईला अर्थ नाही.

जुनी पॅकिंग (सांध्यातली गॅस्केट), विशेषतः एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची), कोरडी खरवडू नका. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवा, ओली असतानाच पातीने काढा, तारेचा कप फिरवू नका. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून घासणं शक्य तितकं ओलं करा आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

३. लोहचुंबक फिरवा

सगळे भाग गोणपाटावर मांडा आणि एकेकाला चुंबक लावा.

चिकटलं तर ते बीड आहे किंवा पत्रा. (इथे बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड.) ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, जाड ब्रॅकेट बिडाचे. त्यांचं अंग खडबडीत असतं, तेल मुरलेलं असतं, पण वागायला सगळ्यात सरळ. चेंबर, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, पंख्याची पाती हे दाबून बनवलेल्या पोलादी पत्र्याचे. त्यांना रसायनं चालतात, जास्त दाबाचं ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून साफ करणं) चालत नाही, पत्रा वाकतो.

न चिकटणाऱ्यांत बहुतेक ॲल्युमिनियम असतं. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यांना तर रंग द्यायचाच नाही. रेडिएटर पितळ-तांब्याचा, कथलाच्या सांध्यांचा.

हे गाडीगणिक बदलतं आणि फसगत इथेच होते. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचं. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. रिबोअरिंगच्या (सिलिंडर आतून कातून देणाऱ्या) वर्कशॉपमध्ये ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून देतात. अँबेसेडरवाल्याने हेडही दिलं तर ते स्वच्छ होऊन येतं. पद्मिनीवाल्याने दिलं तर खड्डे पडलेलं, काळवंडलेलं हेड परत येतं. कारागिराच्या हातात भाग देताना तोंडाने सांगा आणि खडूने वरही लिहा: "ॲल्युमिनियम, टाकीत नको."

४. तेल काढणं

या पायरीवर जितका वेळ जाईल तितका रंग टिकेल. खरं तर निम्मं काम हेच आहे.

आधी लाकडी खरवडणीने जाड थर काढा. मग डिझेल आणि ब्रश. पेट्रोल वापरायचा मोह आवरा. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या ज्योतीपर्यंत जाते. डिझेलने काळं निघालं की भाग स्वच्छ दिसतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण डिझेल स्वतःच तेल आहे. त्याचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर मारलेला प्रायमर महिनाभरात नखाने निघतो.

म्हणून लगेच दुसरी धुणी. ५ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम साबण पावडर, नायलॉनचा ब्रश, बोल्टची भोकं बाटलीच्या ब्रशने. दोनदा करा. मग स्वच्छ पाणी.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी हाताशी असतं ते बोअरचं जड पाणी. ते लोखंडावर सुकलं की पांढरे डाग राहतात, आणि ते डाग म्हणजे क्षार. वरून रंग दिलात की दमट हवेत तेच क्षार रंगातून ओलावा ओढून घेतात आणि फोड येतात. बाकीचं धुणं बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटची खळखळ फिल्टरच्या जारच्या पाण्याने करा. छोट्या भागांना बॅटरी वॉटर उत्तम.

आता परीक्षा. भाग तिरका धरून वरून पाणी सोडा. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर तेल गेलं. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब होऊन घरंगळले तर तेल आहे, परत साबण.

बिडाच्या बाबतीत एक वाढीव पायरी आहे. बिडाच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. धुतल्यावर ब्लॉक पत्र्यावर ठेवून दोन-तीन तास कडक उन्हात तापू द्या. चेंबरच्या कडेला आणि टॅपेटच्या बाजूला ओलसर काळपट डाग वर येतील. ते थिनरच्या फडक्याने पुसा, परत तापवा, परत पुसा. एप्रिल-मेचं ऊन रंगाला वाईट, पण या कामाला फुकटची भट्टी आहे.

५. जुना रंग काढणं

आधी कापूस थिनरमध्ये बुडवून जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. कापसाला रंग लागला तर तो साधा लॅकर आहे, थिनरनेच निघेल. रंग सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल, त्याला रिमूव्हर किंवा कॉस्टिक. काहीच झालं नाही तर टू-पॅक किंवा पावडर कोटिंग, म्हणजे रिमूव्हरचे दोन-तीन हात किंवा ब्लास्टिंग.

*पत्रा आणि बीड: कॉस्टिक.* १० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम. प्लास्टिकच्या टबात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा, लाकडी काठीने ढवळत. उलट केलं, म्हणजे सोड्यावर पाणी ओतलं, तर ते उसळून तोंडावर येतं. पाणी आपोआप तापतं, घाबरू नका. भाग रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी रंग सालपटासारखा सुटतो. चष्मा आणि लांब हातमोजे घातल्याशिवाय टबाजवळ जायचं नाही.

घरातलं जर्मनचं पातेलं या कामाला घेऊ नका. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमच, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. खाताना हायड्रोजन वायू सुटतो, जो ठिणगीने पेटतो. टबात चुकून ॲल्युमिनियमचा भाग गेला तर पाणी फसफसायला लागतं. ती खूण ओळखा आणि चिमट्याने भाग लगेच बाहेर काढा. कॅमशाफ्टच्या पांढऱ्या धातूच्या बुशेसही कॉस्टिकमध्ये खराब होतात, त्यामुळे त्या बसलेल्या असताना ब्लॉक टाकीत टाकायचा नाही.

टब अंगणात उघडा ठेवून झोपायला जाऊ नका. गाई-शेळ्यांना पाणी आणि कॉस्टिकचं पाणी यातला फरक कळत नाही. झाकण ठेवा, वर दगड ठेवा.

नंतर भरपूर पाण्याने धुऊन, पाण्यात थोडा व्हिनेगर टाकून एकदा पुसा. कॉस्टिक मागे राहिला तर वरच्या तेलमिश्रित इनॅमलचा अक्षरशः साबण होतो आणि रंग बुळबुळीत होऊन सुटतो.

*ॲल्युमिनियम: रिमूव्हर.* ब्रशने जाड थर एकाच दिशेला लावा, परत परत घोळवू नका, वर प्लास्टिकचा कागद टाका, २० मिनिटं थांबा. प्लास्टिकच्या पातीने आणि पितळी किंवा नायलॉनच्या ब्रशने काढा. पोलादी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर चालवलात तर लोखंडाचे बारीक कण त्यात रुततात आणि पुढे रंगाखाली गंजाचे ठिपके उमटतात. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं. त्याची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरू शकते, आणि पातळ हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार जातं. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन काम करा आणि मोजा भिजला की लगेच बदला.

*ब्लास्टिंग.* वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्यांकडे ही सोय मिळते. देण्याआधी कशाने मारणार ते विचारा. ॲल्युमिनियमला काचेचे मणी, हवेचा दाब ४० ते ६० पीएसआय. पत्र्याला कमी दाब. लोखंडी शॉट फक्त जाड बिडाला. नदीच्या वाळूने कोरडं ब्लास्टिंग करणाऱ्याकडे जाऊ नका. त्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही.

इंजिनाला दुसराच धोका आहे. टॅपेट कव्हरच्या आत तेल अडवणारी पत्र्याची पट्टी आणि ब्रीदरची जाळी असते, त्यामागे मणी लपतात. धुऊन, वाळवून, हलवून बघितलं तरी चार दाणे राहतात. गाडी सुरू झाली की ते तेलाबरोबर बेअरिंगमध्ये जातात. म्हणून टॅपेट कव्हर आतून पूर्ण बंद करूनच द्या, नाहीतर कॉस्टिकने भागवा. ब्लॉकच्या तेलवाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवणार नसाल तर ब्लॉकला ब्लास्टिंग नकोच.

उरलेला गाळ आणि कॉस्टिकचं पाणी नालीत, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुडाशी ओतायचं नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा आणि एमआयडीसीतल्या घातक कचरा घेणाऱ्यांकडे पोचवा.

६. गंज, आणि घड्याळ

खड्ड्यांतल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट रिमूव्हर लावा, १० ते १५ मिनिटांनी ब्रश करा, धुवा. डब्यावर काही लिहिलं असलं तरी एपॉक्सी प्रायमरखाली आम्ल राहू देऊ नका, प्रायमर नीट कडक होत नाही.

हेडचे बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, स्प्रिंगा यांना आम्लात कधीही बुडवू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट आवळताना किंवा नंतर चालत्या गाडीत काचेसारखा तुटतो. त्यांना डिझेल आणि पितळी ब्रश पुरे.

उघडं लोखंड धुतल्याक्षणी घड्याळ सुरू होतं. हवा दमट असेल तर तासाभरात नारिंगी झाक येते. धुऊन झालं की कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा हेअर ड्रायरने भोकं वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. त्यामुळे जितके भाग आज रंगवून होतील तितकेच आज उघडे करा. यानंतर उघड्या हाताने भाग धरायचा नाही, बोटांचा घामसुद्धा ठसा उमटवतो.

७. झाकाझाक

पॅकिंग बसते ते सगळे सपाट भाग, बेअरिंगच्या जागा, आटे, प्लगची भोकं, पाण्याच्या आणि तेलाच्या वाटा, अर्थिंगची जागा: यातल्या कशालाच रंग नको. पॅकिंगच्या जागी रंग राहिला तर गरम होऊन तो दबतो, बोल्ट सैल होतात आणि गळती सुरू होते.

टेप लावून कडेवर हातोडीच्या गोल बाजूने हलके ठोके दिले की टेप बरोबर कडेवर कापली जाते. आट्याच्या भोकांत जुने बोल्ट तीन आटे फिरवून ठेवा. गोल भोकांना रबरी बुचं. चिंध्या कोंबू नका. एखादी आत राहते आणि पहिल्या स्टार्टला ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. बुचं मोजून लावा, आकडा भिंतीवर लिहा, काढताना परत मोजा.

८. प्रायमर

लोखंडाला एपॉक्सी. ॲल्युमिनियमला आधी एच प्रायमरचा इतका पातळ हात की खालचा धातू दिसत राहील. जाड झाला तर तोच सुटतो. प्रमाण डब्यावरचंच घ्या आणि मापाच्या भांड्याने घ्या, अंदाजपंचे नको. मिसळल्यावर डब्यावर सांगितलं असेल तितकं मुरू द्या. उन्हाळ्यात मिश्रण डब्यावरच्या वेळेआधीच घट्ट होतं, म्हणून १०० मिलीपेक्षा जास्त एका वेळी कालवू नका.

रेड ऑक्साईड वापरावं का, हा प्रश्न हार्डवेअरच्या दुकानात हमखास निघतो. वरून ब्रशने सिंथेटिक इनॅमल देणार असाल तर चालतं. वरून लॅकर किंवा टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) देणार असाल तर नाही. त्यांचा थिनर खालच्या रेड ऑक्साईडला उचलतो आणि रंगाला म्हाताऱ्या हातासारख्या सुरकुत्या पडतात.

९. रंग

मूळ रंग शोधायचा असेल तर माउंटिंग ब्रॅकेटच्या मागे, पेट्रोल पंपाच्या पॅकिंगच्या कडेला बघा, तिथे कोणाचा ब्रश पोचलेला नसतो. तो तुकडा न खरवडता ठेवा आणि दुकानातून जुळवून आणा. काळ्या रंगात गळती दिसत नाही. फिकट राखाडी किंवा हिरवट छटेत तेलाचा पहिला थेंबही दिसतो, आणि जुन्या गाडीला ती सोयच आहे.

ब्लॉक आणि हेड साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत तापतात. तिथे इंजिन इनॅमल किंवा टू-पॅक पीयू दोन्ही टिकतात. साधा लॅकर पेट्रोल सांडलं की विरघळतो, कार्बोरेटरच्या खाली त्याचे ओघळ दिसू लागतात.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा लागू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क हा फवारा अजिबात अडवत नाही, आणि काडतुसाचा मास्कही पुरेसा भरवशाचा नाही. पीयूचा स्प्रे करायचाच असेल तर बाहेरची हवा नळीने पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडून करून घ्या. घरी करणाऱ्याने इंजिन इनॅमल घ्यावा. बिडाच्या खडबडीत अंगावर चांगल्या ब्रशचे फराटे दिसतही नाहीत. ब्लॉक ब्रशने आणि टॅपेट कव्हर स्प्रेने, हा मार्ग अजिबात कमीपणाचा नाही.

स्प्रेसाठी छोटी टच-अप गन, ०.८ ते १ मिमी नोझल, गनपाशी ३० पीएसआयच्या आसपास, अंतर ६ ते ८ इंच. तीन पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. पहिला हात धुरळ्यासारखा असावा, पूर्ण झाकायचा नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा आणि लाइनला पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे येतात. शेतावरच्या लाइनचा भरवसा नसतो. टाकी पूर्ण भरल्याशिवाय हात सुरू करू नका, म्हणजे लाइट गेली तरी चालू हात पुरा होतो.

पंख्याच्या पात्यांना सारखा पातळ रंग. पुट्टी अजिबात नको, तोल जातो. रेडिएटरला काळ्याचा धुरळा एकदाच, जाड रंगाने त्याचं थंड करणं कमी होतं.

पावडर कोटिंग ब्रॅकेट आणि एअर क्लीनरच्या पत्र्याला छान बसतं, पण भट्टी १८० ते २०० अंशांची असते. कथलाचा सांधा असलेला भाग त्यात गेला की सांधा वितळतो. तेल मुरलेल्या बिडावर तर पावडरला फोडच येतात.

१०. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

याच्याखाली प्रायमर नाही. साधा प्रायमर जळतो आणि वरचा महागडा रंग घेऊन पडतो. उघड्या, खरखरीत बिडावर सिलिकॉनचा हीट-रेझिस्टंट रंग, दोन अगदी पातळ हात. हा रंग हवेने वाळतो, पण पक्का होतो उष्णतेनेच. गाडी जोडल्यावर ५ मिनिटं आयडलवर, पूर्ण थंड. मग १० मिनिटं, थंड. मग २० मिनिटं. या वेळी धूर आणि उग्र वास येतो, तो उघड्यावर येऊ द्या. धूर तिसऱ्या वेळीही तितकाच असेल तर तो रंगाचा नाही, मॅनिफोल्डवर तेल गळतंय.

११. जोडताना

इनॅमलला सात दिवस द्या. हाताला कोरडा लागतो म्हणून दुसऱ्या दिवशी पाना लावलात तर वॉशरखाली रंग चिरडून गोल निघतो.

अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. सेल्फ (स्टार्टर मोटर), डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प यांचं अर्थिंग त्यांच्या अंगातूनच होतं. त्यांच्या बसण्याच्या जागी रंग राहिला तर सेल्फ मंद फिरतो, ठिणगी अशक्त पडते, आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर समजा, करंट परतायला दुसरी वाट नसल्याने केबलमधून जातोय.

टॅपेट कव्हर आणि चेंबरच्या पत्र्याची भोकं जुन्या आवळण्याने आत दबलेली असतात. सपाट लाकडावर ठेवून ती आधी ठोकून सपाट करा, मग कॉर्कची पॅकिंग, आणि नट आडवे-तिडवे थोडे थोडे. कॉर्क बाहेर फुगलेला दिसला की जास्त झालं.

उरलेला रंग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. पान्याचे ओरखडे त्यातूनच बुजवायचे आहेत.